दोऱ्याची नोंद

पंचवीसेक वर्षं मी गॅसच्या पाइपलाइनींच्या सुरक्षिततेचं काम केलं, आणि तेवढ्या काळात प्रत्यक्ष पाइपला हात लावला तो फार तर चार-पाच वेळा. बाकी सगळा वेळ हात कागदाला. आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंनी "काका, तुमच्या थरारक नोकरीवर लिहा ना" असा फोन केला, तेव्हा शुभा, म्हणजे आमची सौ., शेजारी मेथी निवडत बसली होती. ती इतकी हसली की अर्धी मेथी खाली सांडली. तिचंही खरं आहे. मी सरकारी खात्यात बसून दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म वाचत असे. त्यात थरार शोधायचा तर शाईचा रंग बदललेला सापडणं एवढाच. पण एक नोंद अशी आहे, की जिच्यामुळे माझी नोकरी, शुभाची इभ्रत आणि एका भल्या माणसाचं पोट अशा तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात टांगणीला लागल्या. ती सांगतो. शुभाची परवानगी घेतली आहे.

आधी थोडं शिकवणं भाग आहे, कंटाळू नका. आपल्या शेगडीपर्यंत येते ती गॅसची नळी म्हणजे लेकुरवाळ्या घरातलं शेंडेफळ. मी म्हणतोय ती त्या घरातली थोरली. कंबरेएवढ्या जाडीची पोलादी नळी, आत प्रचंड दाबाचा गॅस, आणि ती शेतांखालून, रस्त्यांखालून, आता तर नव्या नव्या वसाहतींच्या मधून मैलोन्‌मैल जाते. तिच्यावर एक हिरवा पट्टा मोकळा ठेवलेला असतो. तिथे घर नाही, तलाव नाही, मोठ्या मुळांचं झाड नाही. ठरावीक अंतरावर इशाऱ्याच्या पाट्या असतात. मेलबर्नच्या बाहेरच्या अंगाला घर बघायला गेलात आणि मागे लांबच लांब सुंदर मोकळं गवत दिसलं, तर एजंट म्हणतो "लव्हली ओपन स्पेस". एजंट खोटं बोलत नाही. फक्त खाली काय आहे ते बोलत नाही.

ही पाइपलाइन असते खाजगी कंपनीची. तिची देखभाल करायची, गस्त घालायची, मोजमापं घ्यायची, सगळं कंपनीने. सरकार स्वतः काही पाइप राखत बसत नाही. सरकार कंपनीला म्हणतं, तू काय काय करतेस ते आम्हाला लिहून कळव. पाइपला कुणी धक्का लावला तर तत्क्षणी फोन कर. धक्का लागता लागता राहिला तरीही लिही. दर तिमाहीला लिही, वर्षाच्या शेवटी सगळं मिळून पुन्हा लिही. ते आम्ही वाचायचं, मधूनच जाऊन ताडून बघायचं, आणि आमचा अहवाल वर मंत्र्यांकडे पाठवायचा. आमच्या कामाची तपासणी करायलाही वरून माणसं येत, त्यांचेही फॉर्म असत. म्हणजे कंपनीची नजर पाइपवर, आमची कंपनीवर, वरच्यांची आमच्यावर.

आणि या एवढ्या पहाऱ्याने घाबरायचं कुणाला? भूकंपाला नाही, घातपाताला नाही. पाइपलाइनीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रविवारी सकाळी उत्साहात असलेला माणूस. त्याला कुंपण घालायचं असतं, पोहण्याचा तलाव खणायचा असतो, बार्बेक्यूसाठी ओटा बांधायचा असतो. एकाने तर आमच्या इशाऱ्याच्या पाटीच्या खांबावर स्वतःची टपालपेटी ठोकली होती आणि तपासणीला गेलेल्या मला वर विचारलं होतं की खांब जरा उंच आहे, कापून देता का.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक चूक केली, ती इथे सांगायलाच हवी. कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. दहावीच्या निकालाला फळ्यावर नावं लागायची, त्या संस्कारात वाढलेला मी. कंपन्यांचे अहवाल वाचायला मिळाल्यावर मी काय केलं असेल? गुणवत्ता यादी काढली. ज्या कंपनीच्या अहवालात पट्ट्यावरच्या घुसखोरीच्या नोंदी सगळ्यात कमी, ती पहिली. सगळ्यात जास्त, ती शेवटची. रंगीत तक्ता केला आणि सगळ्या कंपन्यांच्या बैठकीत झळकवला. शेवटच्या नंबरावरच्या कंपनीचा मॅनेजर क्रेग मान खाली घालून बसला होता. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी क्रेगच्या कंपनीचा अहवाल कोरा करकरीत आला. मी त्यावर "लक्षणीय सुधारणा" असा शेरा मारून माझी साहेबीण हेलन हिच्यापुढे ठेवला. हेलन बोलायची कमी. तिने चष्म्यावरून बघून एवढंच विचारलं, की मोहन, सुधारलं काय? पाइप की अहवाल?

मला तेव्हा तो प्रश्न खोचक वाटला. उत्तर मिळालं ते काही महिन्यांनी, ग्रॅहमच्या गाडीत. ग्रॅहम क्रेगच्या कंपनीचा गस्तवाला. आठवड्यातून पाच दिवस ठरलेल्या पट्ट्यावरून गाडी हाकायची, संशयास्पद काही दिसलं की उतरायचं, बघायचं, वहीत लिहायचं, हे त्याचं काम. उन्हाने तांबडा झालेला, गुडघ्यापर्यंत मोजे, बोलणं जपून. तपासणीसाठी मी दिवसभर त्याच्याबरोबर होतो. दुपारी सँडविच खाताना मी त्याला विचारलं की हल्ली तुमच्याकडे घुसखोरी एकदम थांबली कशी. सँडविचचा कागद घडी घालत तो म्हणाला, "यू रँक्ड अस, मेट. नोबडी लाइक्स कमिंग लास्ट."

यादीनंतर कंपनीत गस्तवाल्यांना बोलावून सांगण्यात आलं होतं की अगदी पाइपच फुटला तर लिहा, उगाच बारीकसारीक लिहून कंपनीची लाज काढू नका. खणणारे खणतच होते. लिहिणारे थांबले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लग्न जुळवताना ठीक आहे. गॅसच्या पाइपावर मूठ झाकली तर ती कधीतरी सगळ्या गल्लीसकट उघडते. आणि ती झाकायला मी शिकवलं होतं, रंगीत तक्ता काढून.

मी परत येऊन तो तक्ता फाडला. पुढच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की माझं चुकलं, ज्याच्या अहवालात काहीच नाही त्याच्याकडे मी आधी येणार आहे. पण विश्वास म्हणजे दूध, एकदा नासलं की नासलं. वर्षानुवर्षं गेली तेव्हा कुठे नोंदी हळूहळू परत यायला लागल्या, त्याही मुख्यत्वे ग्रॅहमच्याच. त्याच्या नोंदी वाचणं हा माझ्या नोकरीतला खरा आनंद. "बोकड. आपला नाही." "तरुण जोडपं, बाकावर. खणत नव्हते." "म्हातारा, फावडं घेऊन. म्हणतो कुत्रा पुरायचाय. वाईट वाटलं. दुसरी जागा दाखवली. पुरायला मदत केली." कंपनीत त्याची यावरून टिंगल होई. क्रेगला तो डोक्याला ताप वाटे. पण तो लिहीत राहिला.

आता ती नोंद.

जून महिना, शुक्रवार दुपार. मेलबर्नमध्ये जून म्हणजे कडाक्याची थंडी, पाच वाजता दिवे. क्रेगचा फोन आला. त्याच्या कंपनीत खोदकामाची एकही नोंद नसलेलं अख्खं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे उरले होते. यार्डात सगळ्यांना बार्बेक्यू द्यायचं ठरलं होतं, आमंत्रणंसुद्धा छापून झाली होती. आणि आता ग्रॅहमने ही भलतीच नोंद टाकली होती. क्रेगने ती मला ईमेलने पाठवली आणि फोनवर हसत सुटला. एका झाडाला कुणी दोरा गुंडाळला, एवढंच आहे, म्हणाला. मग हसू थांबवून म्हणाला की ग्रॅहमचं वय झालंय, त्याला काहीबाही दिसायला लागलंय, जुलैत त्याचं काँट्रॅक्ट संपतंय आणि या वेळी ते वाढवावं की नाही याचा विचार चाललाय. "यू टेल मी इट्स नथिंग, मो, अँड आय'ल पुल इट."

म्हणजे माझ्या एका "नथिंग"वर नोंद जाणार होती, आणि नोंदीपाठोपाठ ग्रॅहम.

मी वाचायला घेतली. "नव्या वसाहतीमागचा पट्टा. बाभळीच्या झुडपांच्या आड लहान झाड, सुमारे दोन मीटर. नवीन लावलेलं. गाडीतून दिसत नाही. पांढरा दोरा वाऱ्यावर उडताना दिसला म्हणून उतरलो. सुती दोरा, बुंध्याला अनेक फेरे. खोदकामाच्या आखणीचा असावा, पण आखणी गोल का? बुंध्याशी लाल आणि पिवळी पूड. काकडीचे तुकडे. आंब्याच्या रसाचा डबा, एक, सीलबंद, मुदत संपलेली नाही. कोण, माहीत नाही. कशासाठी, माहीत नाही. मला आवडलेलं नाही."

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. आदल्याच दिवशी वटपौर्णिमा होती.

मी खुर्चीत बसून पोट धरून हसलो. जूनमध्ये इथे ताजा आंबा मिळत नाही म्हणून वाणात रसाचा डबा, ही युक्ती कुणाची असणार हेही मला माहीत होतं. तो डबा माझ्याच स्वयंपाकघरातल्या फळीवरून गेला होता. हसता हसता नजर पुन्हा वरच्या ओळींवर गेली. लहान झाड. नवीन लावलेलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं. मी क्रेगला सांगितलं की सोमवारपर्यंत नोंदीला हात लावू नकोस, आणि लवकर घरी निघालो.

शुभा आणि तिच्या मैत्रिणी पूर्वी वटपौर्णिमेला शहरातल्या मोठ्या बागेत जात. तिथे एक अवाढव्य मोर्टन बे फिग आहे. वडाचा इथला चुलतभाऊ म्हणा. पण लांब पडायचं, कामाचा दिवस असायचा, शिवाय बागेचा माणूस मागोमाग दोरा कापून टाकायचा. एक वर्ष तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वडाचा फोटो चिकटवून त्याला फेरे मारायचा प्रयत्न झाला होता, पण मागे भिंत. त्यामुळे यंदा आपणच वड लावायचा असा बेत शिजला होता, हे माझ्या कानावरून गेलं होतं. शुभाने सांगितलं होतं, मी "वा" म्हणालो होतो. कुठे लावणार, हे मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, लावतील कुणाच्या तरी परसात.

घरी पोचलो तर ती चहा टाकत होती. मी सरळ विचारलं की झाड नक्की कुठे लावलंत. तिने उत्साहाने सांगितलं, त्यांच्यातल्या एकीच्या नव्या घरामागे, ते लांबच लांब मोकळं गवत आहे ना, तिथे.

"पाटी नाही दिसली?"

"दिसली की. म्हणून तर पाटीपासून लांब लावलं. साठ पावलं मोजली मी स्वतः. तुझी बायको आहे, एवढं कळतं मला."

आता तिला काय बोलणार? ही समजूत मी शेकडो लोकांच्या डोक्यात बघितली आहे. पाटी म्हणजे पाइप फक्त पाटीखाली. पाइप तर या पाटीपासून त्या पाटीपर्यंत सलग जातो, विहीर नव्हे तो. इतकी वर्षं मी गावभर हे सांगत हिंडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या घरात हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

मी विचारलं की खड्डा नीट झाला का.

"पहिला नाही झाला. खाली दगड लागला. खर्रर्र आवाज आला नुसता. मग हातभर सरकून दुसरा पाडला."

त्या भागात दगड नाही. तिथे माती आहे, चिकण, खोलवर. मी खुर्ची ओढून बसलो. शुभाने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. तिला कळलं. तीस वर्षांचा संसार आहे, तोंडावरून कळतं.

"खड्डा पाडायला यंत्र कुठून आणलंत?" मी विचारलं.

"तूच नाही का आणून दिलंस?"

आणि मग मला सगळं आठवलं. मे महिन्यातला रविवार. उत्साहात असलेला माणूस. शुभाने सांगितलं म्हणून मी गाडीला ट्रेलर लावून भाड्याच्या दुकानातून मोटरवर चालणारं गिरमिट आणून तिच्या मैत्रिणीच्या दारात उतरवलं होतं आणि क्रिकेट बघायला घरी परतलो होतो. दुकानातल्या पोराने एक फॉर्म पुढे केला होता. जमिनीखाली काय आहे याची चौकशी केली आहे का, होय किंवा नाही. मी होयवर टिक केली होती. वाचलंसुद्धा नव्हतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म वाचून पगार घेतला, त्या माणसाने.

नियम स्वच्छ आहे. पाइपला धक्का लागल्याचा संशय आला, तर त्या क्षणी कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन. सोमवार नाही, उद्या नाही. तो नियम आमच्या खात्याच्या पुस्तकात ज्यांनी लिहिला त्यांत मीही होतो. तरी खरं सांगतो, फोन उचलायला मला वेळ लागला. फार नाही, चहावर साय धरेपर्यंत. मनात काय काय येऊन गेलं. "ती पूजा आहे, निरुपद्रवी धार्मिक प्रथा" एवढं क्रेगला कळवलं असतं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नोंद गेली असती, झाड मी रविवारी गुपचूप उपटलं असतं, बार्बेक्यू झाला असता. ग्रॅहम दोऱ्याला घाबरणारा म्हातारा म्हणून घरी बसला असता. आणि खाली तो ओरखडा राहिला असता, त्या मैत्रिणीच्या घरापासून वीस पावलांवर.

शुभा म्हणाली, "आमच्यातल्या दोघींना इथे कायम राहायची परवानगी अजून मिळायचीय, मोहन. त्यांना यात ओढू नकोस. माझं एकटीचं नाव सांग."

"तुझं कशाला? गिरमिट माझ्या सहीने आलंय."

"खड्डा मी पाडला."

नवराबायकोत आजवर जी भांडणं झाली ती चूक माझी नाही यावर. चूक माझीच म्हणून भांडायची ही पहिलीच वेळ. शेवटी दोघांची नावं सांगायचं ठरलं. मी फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं की धक्का कुणी दिला. मी माझं नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही याच नावाचे सरकारी... मी म्हटलं, हो, तोच.

मग हेलनला फोन. तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली की या क्षणापासून या फायलीशी तुझा संबंध संपला, तू आता अधिकारी नाहीस, तू घटनेतला तिसरा पक्ष आहेस, उद्या सकाळी जागेवर ये आणि विचारतील तेवढंच बोल. फोन ठेवताना तिने एवढं मात्र म्हटलं, "अँड मोहन, डोन्ट यू डेअर रिझाइन ओव्हर द वीकेंड."

त्या संध्याकाळी कंपनीने पाइपमधला दाब उतरवला. शनिवारी सकाळी आम्ही दोघं जागेवर पोचलो तेव्हा फटफटीत ऊन पडलं होतं. पट्ट्यावर फिती लावल्या होत्या, मोठा ट्रक उभा होता. हा ट्रक पाण्याच्या फवाऱ्याने माती सैल करतो आणि शोषून घेतो. लोखंडाचं पातं पाइपजवळ न्यायचंच नाही म्हणून ही सोय. ग्रॅहम होता, क्रेग होता. कुणी आमच्याशी हात मिळवला नाही, मिळवायचा नव्हताच. शुभाने पुढे होऊन पहिल्या खड्ड्याची जागा दाखवली. तिने झाडापासून हात मोजला, चप्पल काढून पायाने माती चाचपली आणि म्हणाली, इथे. शेजारच्या कुंपणावरून दोन पोरं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत वर येत होती, खाली जात होती, वर आली की आम्हाला हात करत होती. मला त्या पोरांकडे बघवेना.

वसाहत होताना वरची माती बरीच खरवडली गेली होती, त्यामुळे पाइप असायला हवा त्यापेक्षा वर होता. थोड्याच वेळात त्याची पिवळी पाठ उघडी पडली. आणि त्या पिवळ्या आवरणावर अर्धगोल ओरखडा. आवरण सोलून गेलेलं, आत पोलाद चमकत होतं आणि पोलादावर करंगळीएवढी रेघ.

गॅस सुटत नव्हता. त्या दिवशी काही होणारही नव्हतं. पण आवरण गेलं की पोलादाला माती लागते, ओल लागते, आणि गंज मुकाट्याने आपलं काम करत राहतो. पाच वर्षं, दहा वर्षं. मग एखाद्या दिवशी. तोवर त्या पोरांची लग्नं झाली असती, दुसरी पोरं उड्या मारत असती.

मी ट्रकच्या चाकाला टेकलो. शुभा रडत होती आणि रडतानाही ट्रकवाल्याला सांगत होती की तो डबा तेवढा बाजूला ठेव, त्यावरून घसरशील. क्रेग खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून त्या रेघेकडे बघत होता, खूप वेळ. मग उठला आणि ग्रॅहमसमोर जाऊन उभा राहिला. त्याने ग्रॅहमच्या हातातली वही घेतली, ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि वही त्याला परत दिली.

पुढचं सरकारी शिरस्त्याप्रमाणे. पाइपवर पोलादी पट्टा चढवून दुरुस्ती झाली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. शुभाला कंपनीचं कडक पत्र आलं. ते तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, वर स्वतःची चार कडक वाक्यं जोडून. झाड पिंपात हलवलं. ते आता त्या मैत्रिणीच्या अंगणात आहे आणि मजेत आहे, फेरे मारताना पिंप थोडं हलतं एवढंच. मंडळाच्या पिकनिकला ग्रॅहमला बोलावून त्याचं व्याख्यान ठेवलं. त्याने दीड मिनिटात संपवलं आणि उरलेला वेळ बटाटेवडे खाल्ले. ऑफिसात मात्र वर्षभर जो तो मला विचारायचा, "मो, प्लांटिंग एनीथिंग धिस वीकेंड?" हसून घ्यायचो. दुसरं काय करणार?

एक सल होता. फाईल माझ्याकडून गेली ती गेली, त्यामुळे ग्रॅहमच्या त्या नोंदीचं शेवटी झालं काय, हे मला नियमाने कळणार नव्हतं. मुळात ती नोंद कंपनीची. दुरुस्ती झाल्यावर तिला गुळगुळीत करून घेता येतं. "नियमित गस्तीदरम्यान बाह्य हस्तक्षेप आढळला" असं एक वाक्य लिहिलं की रसाचा डबा, काकडी, दोरा सगळं गायब, आणि त्याबरोबर हेही गायब की ज्याला वेड्यात काढत होते त्याने वाचवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ग्रॅहमचा घरी फोन आला. काँट्रॅक्ट वाढलं होतं, ते त्याने असंच मध्ये कुठेतरी सांगितलं. फोन वेगळ्या कामासाठी होता. शेवटच्या फॉर्मवर एक रकाना असतो, धोका कशामुळे लक्षात आला. तो त्याला नीट भरायचा होता. "आय नो इट वॉज द स्ट्रिंग. बट व्हॉट्स इट फॉर, मेट?"

मी फोन स्पीकरवर टाकला. शुभा पोळ्या करत होती. मी त्याला सावित्रीची गोष्ट सांगायला लागलो, पण यमाशी वाद घालेपर्यंत माझी इंग्रजी अडखळली. तेव्हा शुभाने लाटणं हातात घेऊनच पुढे होऊन त्याला सरळ सांगितलं की आम्ही बायका नवऱ्याला मोठं आयुष्य मिळावं म्हणून झाडाला तो दोरा बांधतो, नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून.

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग ग्रॅहम म्हणाला, "वेल. इट वर्क्ड, डिडन्ट इट."

शुभाने तोंड फिरवलं आणि तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती.

मी निवृत्त झालो त्या दिवशी हेलनने माझ्या टेबलावर एक पान आणून ठेवलं. फाईल कधीच बंद झाली आहे, आता वाचायला हरकत नाही, म्हणाली. ग्रॅहमची नोंद होती, त्याच्या शब्दांत, अगदी "मला आवडलेलं नाही"पर्यंत. खाली घटनेतला तिसरा पक्ष म्हणून माझं आणि शुभाचं नाव. त्याखाली तो रकाना, धोका कशामुळे लक्षात आला. त्यात ग्रॅहमने लिहिलं होतं, "दोरा. बायकांनी बांधलेला. नवऱ्यांसाठी." आणि क्रेगने एकही शब्द न बदलता खाली सही केली होती.